ओटल्याखालची विहीर : इंदूरमधील एका कोजागरीच्या आयोजनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागातील एका जुन्या वसाहतीत शे-सव्वाशे मराठी कुटुंबे राहतात. गणेशोत्सव, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि कोजागरी हे तीन कार्यक्रम तेथील मंडळ वर्षानुवर्षे करत आले आहे. मंडळाकडे पगारी माणूस एकही नाही. वर्गणी गोळा करण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंतची सगळी कामे स्वयंसेवकच करतात, आणि २०२३ साली मंडळाचा चिटणीस या नात्याने त्यांत मीही होतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून वसाहतीचे, बागेचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही.

कोजागरी होते ती जागा म्हणजे वसाहतीतील नगर निगमची बाग. साधारण १२० फूट लांब आणि ८० फूट रुंद अशा या बागेला रस्त्याकडे एक मोठे फाटक आणि मागच्या गल्लीत एक लहान दार आहे. हे दार एरवी कुलूपबंद असते व त्याची किल्ली माळ्याकडे असते. बागेच्या उत्तरेला एक मोठे कडुनिंबाचे झाड असून त्याच्या अलीकडे २० फूट लांब-रुंद, गुडघाभर उंचीचा दगडी ओटला आहे. याच ओटल्यावर चाळीस वर्षे भोंडल्याचा फेर धरला गेला, मुलांच्या नकला झाल्या, आणि दुधाचा कढावही बहुतेक वेळा त्याच्याच पायथ्याशी चढला. ओटला कोणी बांधला आणि नेमका तेथेच का बांधला, असा प्रश्न आमच्या पिढीतल्या कोणाला पडला नव्हता.

त्या वर्षी तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे शहरावरचे सावट. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातील एका मंदिरात हवन चालू असताना बावडीवर, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेले छत कोसळले आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. इंदुरात त्या काळात चार माणसे जमली की हाच विषय निघत असे. दुसरी गोष्ट विधानसभा निवडणुकीची. ९ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली आणि मतदान १७ नोव्हेंबरला होते. तिसरी गोष्ट ग्रहणाची. कोजागरी शनिवारी, २८ ऑक्टोबरला आली होती आणि त्याच रात्री १ वाजून ५ मिनिटांनी खंडग्रास चंद्रग्रहण लागत होते. म्हणजे वेध नऊ तास आधी, दुपारी चारच्या सुमारासच सुरू होणार होते, आणि वेधात दूध आटवून प्यायला निम्मी वसाहत तयार झाली नसती.

अडचण कशी समोर आली

कोजागरीच्या दहा दिवस आधी आम्ही चौघे बागेत जागेची आखणी करायला गेलो. मंच नेहमीप्रमाणे ओटल्यावरच घ्यायचा होता. फिरायला आलेल्या, पंच्याऐंशीच्या घरातल्या एक आजी काठी टेकत आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अरे, यंदा तरी त्या ओटल्यावर पोरांना नाचवू नका. खाली विहीर आहे." आम्ही एकमेकांकडे पाहिले. आजी लग्न होऊन या वसाहतीत आल्या तेव्हा येथे बाग नव्हती, एका मळ्याचा उरलेला तुकडा होता. पुढे नळ आल्यावर विहीर झाकली गेली आणि तिच्यावर ओटला बांधला गेला. आजी ओटल्याला वळसा घालून कडुनिंबाच्या बाजूला गेल्या, जमिनीवर काठी दोन-तीनदा आपटली आणि म्हणाल्या, "इथं उभं राहून पाणी शेंदायचो आम्ही." आम्ही मान डोलावली. आमचे सगळे लक्ष ओटल्याकडे होते. हा क्षण पुढे महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो येथे जसाच्या तसा नोंदवला आहे.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली. मंडळातील एक काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत. त्यांनी जे सांगितले ते साध्या भाषेत असे होते. सभागृहासारख्या, जेथे माणसे दाटीने उभी राहू शकतात अशा जागेच्या तळासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ५०० किलो, इतका भार धरलेला आहे. आपल्या ओटल्याखालचे छत कशाचे आहे, किती जाड आहे आणि त्यातले लोखंड किती गंजले आहे, यांतले काहीच आपल्याला ठाऊक नाही. त्यातून फेर धरून एका तालात पडणारी पावले ही नुसत्या उभ्या माणसांपेक्षा वेगळी बाब आहे. "चाळीस वर्षे टिकला, म्हणजे टिकेल" या युक्तिवादावर त्यांचे उत्तर एवढेच होते, की लोखंड गंजायलाही चाळीस वर्षे मिळाली आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निगमच्या झोन कार्यालयात अर्ज दिला. अर्ज घेणाऱ्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, पण बहुतेक कर्मचारी निवडणुकीच्या कामात गुंतले होते आणि २७-२८ तारखेपूर्वी तपासणी होणे शक्य नव्हते. त्यामुळे खालचे छत भक्कम आहे की नाही हे न कळताच आम्हाला निर्णय घ्यायचा होता.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यक्रमच रद्द करावा, असे एकाने सुचवले. ती सूचना कोणी फारशी उचलून धरली नाही. मला मात्र आज वाटते की तिच्यावर निदान दहा मिनिटे गंभीरपणे बोलायला हवे होते. ज्या समितीला रद्द करण्याचा पर्याय मुळात अशक्य वाटतो, ती समिती बाकीचे पर्यायही नीट तोलत नाही.

दुसरा पर्याय जवळच्या मंगल कार्यालयाचा होता. तेथे जमिनीची चिंता नव्हती, दोन जिने होते आणि अग्निशामक नळकांडी भिंतीवर लावलेली होती. पण भाडे मंडळाच्या वर्षभराच्या शिलकीपेक्षा जास्त होते, आणि छताखालची कोजागरी ही कल्पनाच ज्येष्ठांना मानवेना. तिसरा पर्याय एका शाळेच्या मैदानाचा. जागा उत्तम होती, परंतु शाळेत मतदान केंद्र येणार असल्याने परवानगीचे काही खरे नव्हते. चौथा पर्याय बागेतच, पण दक्षिणेकडच्या टोकाला कार्यक्रम घेण्याचा आणि ओटला पूर्णपणे बंद करण्याचा. पाचवा पर्याय कोणी उघडपणे मांडला नाही, पण तो बैठकीत सतत हजर होता : मंच ओटल्यावरच घ्यायचा, फक्त फेर खाली धरायचा.

या पाचव्या पर्यायाने आमचा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. मंचावर एका वेळी पाच-सहाच माणसे असतात, तेवढ्याने काय होणार, असे म्हणणारे लोक बेफिकीर नव्हते. ते गेली पंचवीस वर्षे हा कार्यक्रम करत होते आणि त्यांना ती जागा आपल्या अंगणासारखी वाटत होती. शेवटी एका निवृत्त परिचारिका ताईंनी विचारले, "बक्षिसे वाटताना मंचावर किती मुले असतात?" मागच्या वर्षीचे छायाचित्र कोणीतरी मोबाईलवर काढले. त्यात एकतीस मुले आणि आठ मोठी माणसे होती. तेथे तो पर्याय संपला.

घेतलेले निर्णय

चौथा पर्याय ठरला. ओटल्याच्या कडेपासून चारी बाजूंनी १५ फुटांचा पट्टा मोकळा ठेवायचा आणि त्याला दोरी बांधायची, असे काकांनी सांगितले, कारण जुन्या विहिरीची कड वरच्या बांधकामाच्या बरोबर खाली असेलच असे नाही. तीन बाजूंनी ते जमले. उत्तरेला, कडुनिंबाच्या बाजूला, मात्र दुधाच्या भट्टीची जागा करायची होती. पाण्याचा नळ तेथेच होता, फाटकापासून व मुलांच्या खेळण्यापासून ती जागा सर्वांत दूर होती आणि पूर्वानुभवाने भट्टीसाठी तीच योग्य मानली जात असे. म्हणून त्या एका बाजूला पट्टा सहा फुटांवर आणला गेला. काकांनी नाराजी दाखवली, पण हट्ट धरला नाही.

तारखेचा निर्णय स्वतंत्रपणे झाला, आणि चूक बरीचशी तेथेच आहे. शनिवारी वेध, म्हणून शुक्रवार २७ किंवा रविवार २९ असे दोन दिवस उरले. रविवारी सगळे मोकळे होते. पण पौर्णिमा उलटून गेल्यावर कोजागरी कसली, असा ज्येष्ठांचा आक्षेप आला आणि चतुर्दशीचा शुक्रवार ठरला. या चर्चेत पंचांग उघडले गेले, स्वयंसेवकांची यादी उघडली गेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत आमचे निम्म्याहून अधिक कार्यकर्ते कचेरीत किंवा दुकानात असतात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि तरीही ती कोणी बोलून दाखवली नाही.

वेळेबाबत पर्याय फारसा नव्हता. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सणासुदीला वर्षातील काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण आचारसंहितेच्या काळात ती मागण्यात अर्थ नव्हता. कार्यक्रम सात ते दहा ठरला, दूध साडेनऊला. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी घेतली, पोलीस ठाण्यात व उद्यान विभागात पत्र दिले. एका राजकीय कार्यकर्त्याने सगळे दूध आपल्यातर्फे देऊ केले होते, ते आभार मानून नाकारले. कोणत्याही उमेदवाराला मंचावर बोलवायचे नाही हेही ठरले, आणि यावर आश्चर्यकारक रीतीने कोणीच वाद घातला नाही.

आगीबाबतची तयारी चांगली झाली होती. १९ किलोच्या दोन टाक्यांपैकी एकच भट्टीला जोडलेली, दुसरी दूर, दोन्ही उभ्या. वाळूच्या चार बादल्या, दोन अग्निशामक नळकांडी आणि ती चालवता येणारी दोन माणसे. उकळता कढाव लोकांच्या जवळ न्यायचा नाही, दूध लहान पातेल्यांत काढून दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच मेजांवर ठेवायचे, असा नियम केला. बदाम-पिस्ते नसलेले आणि बिनसाखरेचे दूध वेगळ्या, ठळक चिठ्ठी लावलेल्या पातेल्यांत ठेवले.

आणखी एक निर्णय झाला. आजही तो मला या सगळ्या आयोजनातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कार्यक्रम कोणत्याही क्षणी थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला, त्या परिचारिका ताईंना, देण्यात आला. त्यांच्यावर दुसरे कोणतेही काम नव्हते. अध्यक्षांनाही त्यांचा शब्द मोडता येणार नाही, असे बैठकीच्या वहीत लिहिले गेले. त्यांच्या हातात बॅटरीवर चालणारा हाती भोंगा दिला होता.

प्रत्यक्ष संध्याकाळ

पाच वाजता बागेत सोळा स्वयंसेवक हवे होते. सहा होते. टेंटवाल्याची गाडीही उशिरा आली. ऑक्टोबरच्या शेवटी इंदुरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे ओटल्याभोवतीची दोरी संधिप्रकाशात, घाईने बांधली गेली. बांबू रोवून आडवे वासे बांधायचे ठरले होते, त्याऐवजी खुर्च्यांच्या पाठींना सुतळी गुंडाळण्यात आली. फलक लिहिलेला होता, पण तो लावायचा राहिला. मागच्या दाराचे कुलूप मात्र माळ्याने वेळेवर काढले आणि तेथे एक मुलगा टॉर्च घेऊन उभा राहिला.

साडेसातपर्यंत अडीचशेच्या आसपास माणसे जमली. अर्ध्या तासात सुतळी तीन ठिकाणी खाली आली होती. ज्या ओटल्यावर मुले रोज खेळतात, तेथे आजच का जायचे नाही, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते, आणि मोठ्यांपैकीही बऱ्याच जणांना खालच्या विहिरीची गोष्ट माहीत नव्हती. लोक घाबरतील म्हणून ती जाहीर करायची नाही, असे आम्ही मुद्दाम ठरवले होते.

नऊ वाजून वीस मिनिटांनी दिवे गेले. चहाची विजेवरची टाकी कोणीतरी दिव्यांच्याच बोर्डाला जोडली होती आणि बोर्ड त्या भाराने बंद पडला. चंद्र वर आलेला असल्याने मोकळ्या जागेत मिट्ट काळोख झाला नाही, पण कडुनिंबाखाली हाताला हात दिसेना. फाटकाकडे माणसे सरकू लागली. तेथे, न लावण्याच्या सूचना असूनही, स्कूटरींची रांग लागलेली होती. ताईंनी भोंग्यावरून दोनच वाक्ये सांगितली : "सगळ्यांनी आहात तिथेच खाली बसा. ज्यांना जायचेच आहे त्यांनी मागच्या दाराने, टॉर्च दिसतो आहे तिकडे जा." भट्टी ताबडतोब बंद करवली. बसलेल्या गर्दीत रेटारेटी होत नाही, हे त्यांना रुग्णालयातल्या अनुभवावरून ठाऊक असावे. दिवे चार मिनिटांनी आले.

त्या चार मिनिटांत एका आईला आपला सात वर्षांचा मुलगा सापडेना. दिवे आल्यावर तो दिसला तो ओटल्यावर, आणखी पाच-सहा मुलांसह. अंधारात लपाछपीला त्याहून चांगली जागा नव्हती. दुधासाठी थांबलेली वीसेक माणसेही भट्टी आणि ओटला यांच्यामधल्या त्या सहा फुटांच्या पट्ट्यात बसली होती, कारण बसा म्हटल्यावर ती होती तेथेच बसली.

ताईंनी तेथे कार्यक्रम थांबवला. बक्षिसे राहिली, शेवटची दोन गाणी राहिली. भट्टी पुन्हा पेटवू दिली नाही. उतरवून ठेवलेले दूध दक्षिणेकडच्या मेजांवर नेऊन वाटले गेले आणि पावणेदहाला बाग रिकामी करायला सुरुवात झाली. अध्यक्षांचा चेहरा उतरला होता, पण वहीतले वाक्य त्यांच्याच सहीचे होते.

परिणाम

कोणालाही इजा झाली नाही. नंतरच्या आठवड्यात तक्रारी आल्या त्या बक्षिसांच्या, आणि एक पातळ दुधाची. "एवढे काय झाले होते?" असे विचारणारेही पुष्कळ भेटले. टळलेल्या अपघाताचा पुरावा दाखवता येत नाही, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही थोडे अवघडलोच.

निवडणूक आटोपल्यावर आम्ही अर्जाचा पाठपुरावा केला आणि जानेवारीत निगमचे अभियंते येऊन गेले. ओटल्याची एक फरशी काढून खाली दिवा सोडण्यात आला. विहीर होती, पाणीही होते. लोखंडी गर्डरांवर दगडी फरशा टाकून ती झाकलेली होती आणि गर्डरांची पापुद्र्यांनी सोललेली कड वरूनही दिसत होती. ओटला तोडून विहिरीवर जाळी बसवावी, असा अभिप्राय मिळाला. पुढची कोजागरी बागेच्या दक्षिण टोकालाच झाली.

काय वेगळे करता आले असते

तारीख, आखणी आणि माणसे या तीन गोष्टींचा विचार आम्ही तीन वेगळ्या बैठकांत केला. शुक्रवार ठरल्याबरोबर वाशांचे कुंपण आदल्या रात्री उभारायला हवे होते, किंवा टेंटवाल्याला त्याचे वेगळे पैसे द्यायला हवे होते. तो खर्च मंगल कार्यालयाच्या भाड्याचा दहावा हिस्साही झाला नसता. दिवे आणि बाकीची विजेची उपकरणे यांचे बोर्ड वेगळे ठेवणे, व भट्टीजवळ बॅटरीचे दोन दिवे असणे, ही शंभर-दोनशे रुपयांची कामे होती.

धोका लोकांपासून लपवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. आपल्याच वसाहतीतली माणसे ऐकून घाबरतील असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी सुरुवातीलाच विहिरीची गोष्ट सांगितली, तेव्हा मुलेच एकमेकांना त्या बाजूला जाण्यापासून अडवत होती.

आणि कडुनिंबाकडचे ते सहा फूट. जानेवारीत मोजमाप झाले तेव्हा विहीर ओटल्याच्या मधोमध नसून उत्तरेकडे सरकलेली निघाली. तिची कड ओटल्याच्या बाहेर जवळजवळ पाच फूट आली होती. म्हणजे आमची भट्टी विहिरीच्या कडेपासून एका फुटावर पेटली होती, आणि दुधासाठी थांबलेली माणसे त्या गंजलेल्या गर्डरांवर बसली होती. मी घरी येऊन बैठकीची वही काढली. १८ ऑक्टोबरच्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : "ओटल्याखाली विहीर असल्याचे आजींकडून समजले." त्यांनी काठी कोठे आपटली होती, ते मी लिहिलेले नाही.